लेखी हुकुमाचा पल्ला

'क्लाउड' हा शब्द आतां आमच्या मध्यमवर्गीय घरांतूनहि इतका रुळला आहे कीं, त्याचा अर्थ विचारण्याचें कोणाच्या मनांत येत नाहीं. लग्नाचीं छायाचित्रें 'क्लाउडवर' असतात, दुकानाचे हिशोब तेथेंच असतात, आणि परीक्षेचा निकाल ज्या दिवशीं उघडत नाहीं त्या दिवशींचा दोषहि त्याच ढगाच्या माथीं मारला जातो. वास्तविक या ढगांत पाण्याचा थेंब नाहीं आणि तो आकाशांतहि नाहीं. टेलिफोनच्या व पुढें संगणकांच्या जाळ्यांचे नकाशे काढणारे इंजिनियर, ज्या भागाच्या अंतर्रचनेशीं आपल्याला कर्तव्य नाहीं तो भाग ढगाच्या आकृतीनें दाखवीत. त्या रेखाटनांतून हें नांव आलें. ढग म्हणजे 'येथें आंत काय आहे तें विचारूं नका' अशी एक खूण. प्रत्यक्षांत तो जमिनीवरच आहे: लांबच लांब इमारती, त्यांत फडताळांसारख्या चौकटींत रचलेलीं हजारों यंत्रें, तीं थंड ठेवण्याची अहोरात्र चाललेली खटपट आणि दाराशीं पहारा. मायक्रोसॉफ्टनें २०१५ सालीं पुण्यास आणि अॅमेझॉननें २०१६ सालीं मुंबईस अशीं केंद्रें सुरू केलीं. तेव्हां आमच्या वाचकांपैकीं कित्येकांच्या घरापासून हा ढग मोटारीच्या रस्त्यानें तास-दोन तासांवर आहे असें म्हणण्यास हरकत नाहीं.

त्या इमारतींचें वर्णन करण्याचा आमचा हेतु नाहीं. आम्हांस कुतूहल आहे तें निराळ्याच गोष्टीचें. या यंत्रांवर हुकमत चालविणारा माणूस त्यांच्याजवळ बहुधा कधींच जात नाहीं. तो आपल्या घरीं किंवा कचेरींत बसून काळ्या पडद्यावर एक ओळ लिहितो, आणि हजार कोसांवर पन्नास यंत्रें जागीं होतात. दुसरी ओळ लिहितो, आणि तीं नाहींशीं होतात. अशा ओळींचा संच एका फाइलींत लिहून ठेवला म्हणजे त्यास 'स्क्रिप्ट' म्हणतात. रामचंद्रपंत अमात्यांमुळें मराठी वाचकास ओळखीचा झालेला 'आज्ञापत्र' हा शब्द आम्ही या लेखांत त्यासाठीं वापरणार आहों. अमात्यांचें आज्ञापत्र राजास नीति शिकवितें आणि हें यंत्रास काम सांगतें, एवढा भेद ध्यानांत ठेवला म्हणजे झालें.

आमचा विषय इतिहासाचा. यंत्रविद्येंत आमची गति नाहीं. परंतु जुन्या दफ्तरांत आयुष्य घालविलेल्या माणसास, लेखी हुकुमावर चालणारें राज्य दिसलें कीं तेथें थांबावेंसें वाटतें. हुकूम कोणीं लिहिला, कोणाच्या हातीं दिला, तो वाचणारानें शब्दशः पाळला कीं अर्थ पाहून पाळला, हे प्रश्न पेशवेदफ्तरास जितके लागू आहेत तितकेच या नव्या दफ्तरासहि लागू पडतात.

या कथेचा आरंभ १९६१ मध्यें अमेरिकेंतील केंब्रिज येथील 'मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी' या विद्यापीठांत करावा लागतो. तोंपर्यंत संगणक वापरणें म्हणजे यंत्राच्या कारभाऱ्याकडे भोंकें पाडलेल्या कार्डांचा गठ्ठा देऊन येणें आणि कांहीं तासांनीं किंवा दुसऱ्या दिवशीं उत्तराचा कागद घेऊन जाणें. एका कार्डावरचें एक भोंक चुकलें तर तोहि दिवस फुकट. त्या वर्षाच्या नोव्हेंबरांत फर्नांडो कॉर्बाटो व त्यांच्या सहकाऱ्यांनीं एक नवी व्यवस्था चालवून दाखविली. तींत एकच यंत्र अनेक माणसांस थोडा थोडा वेळ वांटून देई, आणि तें इतक्या झपाट्यानें कीं प्रत्येकास यंत्र आपलें एकट्याचेंच आहे असें वाटे. माणूस टंकयंत्रापुढें बसून हुकूम लिही आणि यंत्र तेथल्या तेथें उत्तर छापी. याच वर्षीं, त्याच विद्यापीठाच्या शताब्दि-महोत्सवांत, जॉन मॅकार्थी यांनीं आपल्या व्याख्यानांत असें भाकित केलें कीं, टेलिफोनप्रमाणें संगणनहि एक दिवस सार्वजनिक सोय म्हणून लोकांस पुरविलें जाईल. भाकित खरें ठरण्यास पंचेचाळीस वर्षें लागलीं.

कॉर्बाटो यांच्या या व्यवस्थेवर काम करण्यासाठीं १९६३ च्या सुमारास लुई पूझां नांवाचे एक फ्रेंच इंजिनियर केंब्रिजला आले. त्यांच्या ध्यानांत एक साधी गोष्ट आली. रोज कामाला बसतांना आपण तेच ते पांच-सात हुकूम त्याच क्रमानें टंकित करतों. मग ते एकदांच लिहून ठेवून यंत्रालाच वाचावयास कां सांगूं नये? त्यांनीं तसें करणारा एक छोटा कार्यक्रम लिहिला आणि त्याचें नांव 'रनकॉम' ठेवलें. म्हणजे 'रन कमांड्स', हुकूम चालव. आज कोट्यवधि आज्ञापत्रें जगभर चालत आहेत त्यांचा मूळपुरुष हाच. मायदेशीं परतण्यापूर्वीं पूझां यांनीं आणखी एक काम केलें. त्या वेळीं 'मल्टिक्स' नांवाच्या मोठ्या व्यवस्थेची आंखणी चालली होती. माणसाचा हुकूम वाचून तो यंत्राच्या गाभ्याकडे पोहोंचविणारा भाग तींत कसा असावा, याचें टिपण त्यांनीं लिहून दिलें, आणि त्या भागास 'शेल' म्हणजे कवच असें नांव दिलें. तें कवच प्रत्यक्षांत उतरविण्याचें काम १९६५ मध्यें ग्लेंडा श्रोडर या बाईंनीं केलें. या विषयाच्या गोष्टींत त्यांचें नांव क्वचितच घेतलें जातें, म्हणून आम्ही येथें मुद्दाम घेतों.

रनकॉमनें टंकलेखनाचे श्रम वांचले हें खरें; परंतु आमच्या मतें तेथें घडलेली खरी गोष्ट फार मोठी होती. तोंपर्यंत हुकूम देणारा माणूस हुकुमाच्या क्षणीं हजर असे. पहिल्या हुकुमाचें उत्तर पाहून तो दुसरा देई; कांहीं विपरीत दिसलें तर हात आवरून घेई. हुकूम लिहून ठेवतांच ही हजेरी संपली. सकाळीं लिहिलेला हुकूम रात्रीं चालूं लागला, एकानें लिहिलेला दुसरा चालवूं लागला, आणि लिहिणाराच्या मनांत असलेलें 'पण असें झालें तर थांबा' हें वाक्य कागदावर उतरलें नसेल तर त्याची आठवण करून देणारें कोणी उरलें नाहीं. राजाच्या तोंडी हुकुमाचा लेखी हुकूम झाला म्हणजे जें होतें तेंच येथें झालें. फरक इतकाच कीं, आमचा मामलेदार हुकूम अगदींच वेडावांकडा असला तर पुन्हां विचारून घेई. यंत्र विचारीत नाहीं.

मल्टिक्सचें काम लांबत गेलें आणि तींत भागीदार असलेली बेल टेलिफोन कंपनीची प्रयोगशाळा १९६९ मध्यें तींतून बाहेर पडली. त्या प्रयोगशाळेंतील केन टॉम्प्सन व डेनिस रिची यांनीं एका जुन्या, लहानशा यंत्रावर जी आटोपशीर व्यवस्था उभी केली ती युनिक्स. तिच्या हुकुमांचीं नांवें पाहिलीं तर ती तारेची भाषा वाटते: दोन अक्षरांत यादी, दोन अक्षरांत नक्कल, दोन अक्षरांत स्थलांतर, आणि 'आरएम' या दोन अक्षरांत कायमचें निर्मूलन. याचें कारण पुष्कळ अंशीं त्या काळच्या टेलिटाइप यंत्रांत आहे. तें यंत्र एका सेकंदास दहा अक्षरें खडखडत छापी आणि त्याच्या कळा दाबण्यास बोटांत जोर लागे. अशा यंत्रापुढें बसणारा माणूस शब्दांची उधळपट्टी करीत नाहीं. त्याच काटकसरीमुळें आणखी एक रीत पडली: हुकूम यथास्थित पार पडला तर यंत्रानें कांहीं बोलावयाचें नाहीं. मौन म्हणजे यश. टेलिटाइप केव्हांच अडगळींत गेलीं, परंतु तीं दोन अक्षरें आणि तें मौन आजहि तसेंच आहे. एखादी फाइल पुसून टाकावयाची असो किंवा सबंध कोठार, हुकूम तेवढाच लांब आणि शांतताहि तेवढीच.

याच प्रयोगशाळेंतील डग मॅकिलरॉय यांनीं १९६४ मध्येंच एका टिपणांत, बागेंतील पाण्याची नळी नळीस जोडावी तसा एक कार्यक्रम दुसऱ्यास जोडतां यावा, अशी इच्छा व्यक्त केली होती. १९७३ मध्यें टॉम्प्सन यांनीं ती पुरी केली, तीहि म्हणे एका रात्रींत. एका हुकुमाचें उत्तर दुसऱ्याच्या तोंडीं आणि त्याचें तिसऱ्याच्या, अशी सांखळी करतां येऊं लागली. यादी कर, तींतून जुन्या नोंदी निवड, त्या मोज, हें एका ओळींत. १९७९ मध्यें स्टीफन बोर्न यांचें नवें शेल आलें. त्यांत 'जर-तर' होतें, 'जोंपर्यंत' होतें, नांव देऊन मूल्य सांठविण्याची सोय होती. म्हणजे हुकुमांची यादी आतां विचार करणारें पत्र झाली. बोर्न यांच्या शेलाची, कोणासहि मोफत वापरतां येईल अशी नवी आवृत्ति ब्रायन फॉक्स यांनीं १९८९ मध्यें काढली आणि तिला 'बॅश' नांव दिलें. त्या नांवांत बोर्न या आडनांवावर आणि पुनर्जन्म या अर्थाच्या इंग्रजी शब्दावर श्लेष आहे. पंडितांची ही जात सर्वत्र सारखीच असावी. काम कितीहि रुक्ष असो, कोटी सुचली कीं त्यांस राहवत नाहीं.

मधल्या काळांत चित्रांचें युग आलें. पडद्यावर फाइलीचें चित्र, कचऱ्याच्या टोपलीचें चित्र, आणि बोटानें एक उचलून दुसऱ्यांत टाकावयाचें. १९८४ च्या मॅकिंटॉशपासून पुढें सामान्य माणसाचा संगणक असाच झाला, आणि लेखी हुकुमांचे दिवस सरले असें पुष्कळांस वाटलें. तसें झालें नाहीं याचें कारण समजण्यासाठीं एका जुन्या कल्पनेकडे वळावें लागतें.

आय. बी. एम. कंपनीच्या केंब्रिज येथील शाळेंत १९६० च्या दशकांत असें साधण्यांत आलें कीं, एका मोठ्या यंत्राच्या पोटांत अनेक लटकीं यंत्रें भासवावीं. प्रत्येकास आपण स्वतंत्र यंत्र आहों अशी खात्री पटावी, आणि एकाचा दुसऱ्यास पत्ता नसावा. १९७२ पासून कंपनीनें ही सोय आपल्या मोठ्या यंत्रांबरोबर देण्यास आरंभ केला. वेदान्ताचा संस्कार असलेल्या आमच्या वाचकांस ही कल्पना अवघड जाऊं नये. १९९९ च्या सुमारास व्हीएमवेअर कंपनीनें हीच माया साध्या, स्वस्त यंत्रांवर आणून दाखविली. आतां यंत्र म्हणजे लोखंडी पेटी राहिली नाहीं. यंत्र हीच एक लिहिलेली वस्तु झाली. जी वस्तु लिहून निर्माण होते ती दुरूनहि लिहितां येते. पुढचें सर्व यांतून निघालें.

अॅमेझॉन कंपनीनें १४ मार्च १९०६ च्या बरोबर शंभर वर्षांनंतर, म्हणजे २००६ सालच्या त्याच तारखेस, आपलें कोठार भाड्यानें देण्यास सुरुवात केली. त्याचें नांव 'एस-थ्री'. त्याच वर्षीं ऑगस्टच्या २५ तारखेस तिनें यंत्रेंहि भाड्यानें देऊं केलीं. या दुसऱ्या कामाची बांधणी सिअॅटल येथील मुख्य कचेरींत न होतां दक्षिण आफ्रिकेंतील केप टाउन येथें, ख्रिस पिंकहॅम यांच्या हाताखालच्या लहानशा मंडळींनीं केली, ही गोष्ट थोड्यांस ठाऊक असते. भाडें तासास दहा सेंट. यंत्र दिसत नाहीं, शिवतां येत नाहीं, कोठें आहे तें सांगत नाहींत. तें मागावयाचें लिहून आणि परत करावयाचेंहि लिहून. कंपनीनें या यंत्रांसाठीं चित्रांचा पडदा दिला तो जानेवारी २००९ मध्यें. म्हणजे पहिलीं दोन वर्षें आणि वर कांहीं महिने, कंपनीकडून मिळालेला मुख्य मार्ग म्हणजे लेखी हुकूम. मग प्रत्येक सेवेस निराळीं हत्यारें झालीं, त्यांचा गोंधळ माजला, आणि २०१३ मध्यें सगळ्या सेवांस मिळून एकच हुकुमाचें साधन कंपनीनें प्रसिद्ध केलें.

या नव्या सत्तेचा एक प्रसंग आम्हां इतिहासाच्या अभ्यासकांस विशेष जवळचा आहे. 'न्यूयॉर्क टाइम्स' या वृत्तपत्राजवळ १८५१ पासूनचे अंक छायाचित्रांच्या रूपानें सांठविलेले होते, परंतु एकेक लेख अनेक तुकड्यांत विखुरलेला होता. ते तुकडे जोडून प्रत्येक लेखाची वाचनीय प्रत करावयाची होती. लेख सुमारे १ कोटी १० लाख. २००७ मध्यें त्या वृत्तपत्रांतील एका तंत्रज्ञानें हें सर्व भांडार अॅमेझॉनच्या कोठारांत चढविलें, शंभर यंत्रें भाड्यानें घेतलीं आणि काम त्यांच्यांत वांटून दिलें. चोवीस तासांच्या आंत काम संपलें. प्रती पाहतांना त्यांत एक चूक आढळली, तेव्हां त्यानें सगळें काम पुन्हां एकदां करून घेतलें! शंभर यंत्रें, चोवीस तास, तासास दहा सेंट: एका वेळच्या यंत्रांचें भाडें २४० डॉलर. आम्हीं ज्या जीर्ण वृत्तपत्रांच्या फाइली उलटण्यांत उमेदीचीं वर्षें घालविलीं, ज्यांचीं पानें हातांत मोडत, त्यांची आठवण होऊन हा मजकूर वाचतांना आमच्या मनांत हेवा उत्पन्न झाला हें कबूल केलें पाहिजे. येथें लक्षांत घेण्याजोगी गोष्ट वेगाहून दुसरी आहे. चूक सांपडल्यावर पुन्हां करणें शक्य झालें तें काम लिहिलेलें होतें म्हणून. चित्रांवर बोट ठेवून जर शंभर यंत्रें एकेक करून जागीं केलीं असतीं, तर दुसऱ्या दिवशीं तोच क्रम, तींच मापें आणि तीच जोडणी कोणाच्या स्मरणांत राहिली असती?

चित्रांच्या युगांत लेखी हुकूम कां टिकला याचें उत्तर आमच्या मतें येथें आहे. बोटानें केलेलें काम करणाराबरोबर जातें. लिहिलेलें काम मागें राहतें. तें दुसरा वाचूं शकतो, त्यांत दोष काढूं शकतो, आणि तीन वर्षांनीं नव्यानें आलेला उमेदवार 'हें असें कां केलें' हा प्रश्न त्यास विचारूं शकतो. दफ्तराचा जो उपयोग तोच आज्ञापत्राचा.

परंतु दफ्तर आणि आज्ञापत्र यांत एक भयंकर फरक आहे: आज्ञापत्र वाचलें कीं तें घडतें. आमचा एक जुना विद्यार्थी या धंद्यांत आहे. नोकरीच्या पहिल्या वर्षांत त्यानें तीन यंत्रें निर्माण करण्याचें आज्ञापत्र लिहिलें. तें चालविल्यावर पडद्यावर कांहींच दिसेना, म्हणून त्यानें तें पुन्हां चालविलें. मौन म्हणजे यश हा युनिक्सचा संकेत तो त्या क्षणीं विसरला होता. यंत्रें सहा झालीं. वापरांत तीन आलीं, उरलेलीं तीन महिनाअखेरीस बिलांत उगवलीं. यंत्राचें यांत कांहीं चुकलें नाहीं. 'तीन कर' असें त्यास दोनदां सांगितलें गेलें.

हें दुखणें जुनें आहे आणि त्यावरचा इलाजहि ढगाच्या आधींचा आहे. ऑस्लो येथील मार्क बर्जेस यांनीं १९९३ मध्यें 'सीएफएंजिन' नांवाचें साधन तयार केलें, त्याच्या मुळाशीं एक व्याकरणाचा पालट आहे. 'तीन यंत्रें कर' असें म्हणूं नये. 'तीन यंत्रें असावींत' असें म्हणावें. पहिलें वाक्य दहादां उच्चारलें तर तीस यंत्रें होतील. दुसरें दहादां उच्चारलें तरी तीनच राहतील, कारण यंत्र प्रथम आहे किती तें पाहील आणि कमी असेल तेवढीच भर घालील. आज्ञार्थाच्या जागीं विध्यर्थ आला, एवढेंच. परंतु या एका पालटानें धंद्याची रीत बदलली. २०१४ मध्यें निघालेलें 'टेराफॉर्म' हें साधन ढगांतील यंत्रांसाठीं याच रीतीनें चालतें. त्याची आणखी एक खोड आम्हांस फार आवडली. काम करण्यापूर्वीं तें आपला बेत वाचून दाखवितें: इतकीं यंत्रें नवीं होतील, इतकीं बदलतील, इतकीं नष्ट होतील, करूं काय? आमचा तो पुन्हां विचारून घेणारा मामलेदार इतक्या वर्षांनीं परत आला. अर्थात् बेत न वाचतां 'हो' म्हणणारे धनी तेव्हांहि होते आणि आतांहि आहेत.

आतां त्या दोन प्रसंगांकडे वळूं, ज्यांवांचून हा इतिहास अपुरा राहील. दोन्ही २०१७ सालचे आणि एकमेकांपासून महिन्याच्या आंतले.

३१ जानेवारीच्या रात्रीं 'गिटलॅब' या कंपनीचा एक इंजिनियर थकल्या डोळ्यांनीं काम करीत होता. ही कंपनी जगभरच्या कार्यक्रम लिहिणारांचीं कामें आपल्याकडे सांठवून ठेवते. तिच्याजवळ माहितीचीं दोन भांडारें होतीं, एक मुख्य आणि एक त्याची प्रतिकृति. नांवांत भेद काय तो एका आंकड्याचा. प्रतिकृति बिघडली होती, म्हणून ती रिकामी करून पुन्हां भरावी असें त्यानें ठरविलें आणि पुसण्याचा हुकूम दिला. तो हुकूम मुख्य भांडारावर चालला. एक-दोन सेकंदांत त्याच्या ध्यानांत आलें आणि त्यानें हुकूम तोडला. तोंपर्यंत सुमारे ३०० गिगाबाइट माहितीपैकीं साडेचार उरली होती. प्रती काढून ठेवण्याच्या पांच तऱ्हा कंपनीजवळ होत्या. त्यांतील एकहि वेळेस नीट उपयोगीं पडली नाहीं. एका तऱ्हेचें आज्ञापत्र तर कित्येक दिवस निष्फळ होत होतें, आणि तें निष्फळ झाल्याचीं पत्रेंहि कोणास पोहोंचत नव्हतीं. शेवटीं त्याच इंजिनियरानें दुसऱ्याच कामासाठीं सहा तासांपूर्वीं हातानें काढून ठेवलेली एक प्रत सांपडली, म्हणून सहा तासांच्या माहितीवर निभावलें. कंपनीनें हें कांहींएक लपविलें नाहीं. दुरुस्तीचें काम चालूं असतांना तें जगास उघड दाखविलें.

दुसरा प्रसंग २८ फेब्रुवारीचा. अॅमेझॉनच्या एस-थ्री कोठाराचा जो भाग व्हर्जिनिया प्रांतांत आहे, त्याची बिलें काढणारी व्यवस्था त्या दिवशीं मंद चालली होती. कारण शोधतांना, कोठाराच्या एका अंगांतील थोडीं यंत्रें बाजूस काढावयाचीं होतीं. अधिकार असलेल्या माणसानें, नेमून दिलेल्या रीतीप्रमाणें, पॅसिफिक वेळेनें सकाळीं ९ वाजून ३७ मिनिटांनीं हुकूम दिला. हुकुमांतील एक मूल्य चुकीचें पडलें. यंत्रें थोडीं जावयाचीं तीं पुष्कळ गेलीं. आणि गेलीं त्यांत, कोणती वस्तु कोठें ठेवली आहे याची सूचि ज्यांत होती तीं यंत्रें, आणि नवी वस्तु कोठें ठेवावी हें ठरविणारीं यंत्रें, अशीं दोहों प्रकारचीं होतीं. ग्रंथालयांतील पुस्तकें जागच्या जागीं आहेत, पण सूचीचे खण नाहींसे झाले, तशी अवस्था झाली. हीं अंगें पुन्हां पहिल्यापासून सुरू करावीं लागलीं. आणि वर्षानुवर्षें तसा प्रसंगच न आल्यामुळें, कोठार एवढें वाढलें असतां त्यास किती वेळ लागेल याचा अंदाज कोणास नव्हता. सूचि १ वाजून १८ मिनिटांनीं पूर्ववत् झाली, सर्व कोठार १ वाजून ५४ मिनिटांनीं. चार तासांवर थोडा अधिक काळ, त्या कोठारावर अवलंबून असलेलीं असंख्य संकेतस्थळें, दुकानें, वर्तमानपत्रें पंगु होऊन बसलीं.

या हकीगतींत एक गोष्ट अशी आहे कीं ती कोणा विनोदी लेखकानें रचली असती तर आम्हीं ती अतिशयोक्ति म्हणून खोडली असती. सेवा चालूं आहे कीं बंद, हें लोकांस कळविण्याचा कंपनीचा जो फलक होता तो स्वतः त्याच कोठारावर अवलंबून होता. त्यामुळें सकाळीं ११ वाजून ३७ मिनिटांपर्यंत कंपनीस त्या फलकावरील खुणा बदलतां येईनात, आणि कोठार बंद पडल्याची वार्ता तिला ट्विटरवरून जाहीर करावी लागली.

नंतर कंपनीनें जें निवेदन प्रसिद्ध केलें तें आम्हीं दोनदां वाचलें. त्यांत त्या माणसाचें नांव नाहीं, त्याला काय शासन झालें तें नाहीं. दोष साधनाकडे घेतला आहे: या साधनास एवढीं यंत्रें इतक्या लवकर काढूं देणें हेंच चूक होतें. यापुढें तें यंत्रें सावकाश काढील, आणि कोणत्याहि अंगाचीं यंत्रें आवश्यक संख्येच्या खालीं जात असतील तर हुकूम मानणार नाहीं, अशी तजवीज केली. शिवकालीन पत्रांच्या शेवटीं 'मर्यादेयं विराजते' असा शिक्का असे. पत्राचा मजकूर येथें संपला, यापुढें कोणीं एक अक्षर घालूं नये, ही त्याची खूण. त्या हुकुमास असा शिक्का नव्हता. तो अकरा वर्षांनीं, चार तासांचा अंधार पाहून, उमटविण्यांत आला.

बखरी वाचून ज्यांची दृष्टि घडली त्यांस हें निवेदन प्रथम विचित्र वाटेल. आम्हांस बुडालेल्या गलबतामागें फितूर नावाडी लागतो, हरलेल्या लढाईमागें एक घरभेद्या लागतो. येथें तो नाहीं, आणि तो नसणें हेंच न्याय्य आहे असें आमचें मत झालें आहे. हातून एक मूल्य चुकणें हा मनुष्याचा धर्म. आम्हीं स्वतः गुणपत्रकांत ६७ च्या जागीं ७६ लिहिले आहेत. तीं गुणपत्रकें दुसऱ्या परीक्षकाच्या नजरेखालून जात, म्हणून कोणाचें नुकसान झालें नाहीं. परंतु निवेदनांतील सौजन्यानें एक प्रश्न झांकूं नये. ज्या माणसाच्या एका ओळीनें एवढें बंद पडूं शकतें, त्याच्या हातीं ती ओळ एकट्यानें लिहिण्याचा अधिकार कां असावा? या धंद्यांतील जाणत्या मंडळींनीं याचें उत्तर आपल्या परीनें दिलें आहे: महत्त्वाचें आज्ञापत्र चालण्यापूर्वीं दुसऱ्यानें वाचावें, तें सामाईक दफ्तरांत दाखल व्हावें, कोणीं लिहिलें व कोणीं पसंत केलें याची नोंद राहावी. हें उत्तर आम्हांस पटतें. मात्र आम्हांस अनुभव आहे कीं, दुसऱ्या परीक्षकाची सही पुष्कळदां पहिल्याची सही पाहूनच होते. शिवाय ज्या मध्यरात्रीं सगळें पेटलेलें असतें त्याच वेळीं असलीं बंधनें जाचूं लागतात, आणि त्या वेळेसाठीं प्रत्येक ठिकाणीं एक मागलें दार ठेवलेलें असतें. गिटलॅबचा तो इंजिनियर त्याच दारानें आंत गेला होता.

पूझां फ्रान्सला परतले ते दुसऱ्याच कामास लागले. १९७० च्या दशकांत त्यांनीं 'सिक्लाद' नांवाचें संगणकांचें जाळें उभारलें, आणि त्यांतील विचार पुढें आजच्या इंटरनेटच्या घडणींत उतरले. म्हणजे दूरच्या यंत्राकडे हुकूम ज्या वाटेनें जातो त्या वाटेवरहि याच माणसाचा हात आहे. रनकॉम मात्र ज्या यंत्रासाठीं लिहिला होता त्या यंत्राबरोबर केव्हांच मोडींत गेला. मागें उरलीं तीं त्या नांवाचीं दोन अक्षरें, 'आरसी'. ढगांत लिनक्सचें कोणतेंहि यंत्र बहुधा जन्मास येतें तें बॅशचें शेल बरोबर घेऊन, आणि तें शेल जागें होतांच जी फाइल शोधून वाचतें तिच्या नांवाच्या अखेरीस हीं दोन अक्षरें असतात. आमच्या त्या विद्यार्थ्यानें ती आपल्या पडद्यावर उघडून आम्हांस दाखविली. 'आरसी'चा अर्थ काय, असें आम्हीं विचारलें. त्यास तो ठाऊक नव्हता.